त्र्याऐंशीच्या आत

ती. ताईस,

ढब्बूचा साष्टांग नमस्कार. (हा आता खराखुरा घालता येतो. पूर्वी पोट आधी टेकायचं आणि बाकीची अंगं अधांतरी राहायची, म्हणून मी लांबूनच हात जोडायचो आणि तुला वाटायचं याला मोठ्यांची किंमत नाही.) दाजींनाही नमस्कार. त्यांची कंबर कशी आहे? तुझा डायलिसिसच्या मशीनचा आठवड्यातला तिसरा दिवस बदलून शनिवार झाला असं त्यांच्याकडून कळलं. सुईचा हात अजून सुजतो का? पाणी मोजून पितेस ना? इकडे सगळे खुशाल. म्हणजे लेक खुशाल आहे, तिची आई खुशाल आहे, आणि मी खुर्चीवरून उठतो, ट्रकच्या काट्याभोवती एक फेरी मारतो, येऊन बसतो आणि परत उठतो. सकाळपासून चौदा वेळा झालं. याला खुशाली म्हणत असतील तर मीही खुशाल.

पत्र लिहितोय कारण फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही. मी 'वजन' म्हटलं की तू 'दूध उतू चाललंय' म्हणून फोन ठेवतेस. परवा दिवसातून तीनदा ठेवलास. दोन माणसांच्या घरात एवढं दूध येतं कुठून? पत्र मात्र मध्येच ठेवलंस तरी टेबलावर पडून राहील आणि दाजी ते उचलून परत तुझ्या हातात देतील. तसं मी त्यांना सांगूनच ठेवलंय. तेव्हा चष्मा लाव आणि पहिल्यापासून ऐक. या चार महिन्यांत तुला जे कळलं ते सगळं तुकड्यातुकड्यांनी आणि दुसऱ्यांच्या तोंडून कळलंय.

चार महिन्यांपूर्वी माझ्या तपासण्या झाल्या. दाजींचा रक्तगट तुझ्याशी जुळला नाही, तिसरं भावंड आपल्याला नाही, राहता राहिलो मी. माझं सगळं जुळलं. रक्त जुळलं, लघवी उत्तम निघाली (आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या लघवीची तारीफ केली), पोटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो फोटो उजेडाला धरला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे. "किडनी झकास आहे," ते म्हणाले, "पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं?" मी तेव्हा शहाण्णव किलो होतो. ऑपरेशन मला झेपायचं आणि उरलेल्या एका किडनीवर माझा जन्मभराचा भार टाकायचा, तर त्र्याऐंशीच्या आत यावं लागेल, तेही चार महिन्यांत. नाही आलो तर माझं नाव खोडणार. मी छाती काढून हो म्हणालो. (काढायला छाती गेलो, पुढे पोट आलं.) त्याच दिवशी तुला फोन केला तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "तू? आणि तेरा किलो? जाऊ दे रे, कशाला जिवाला त्रास." मला वाटलं चेष्टा करतेयस.

थांब, गाडी आली.

(वाळूची होती. भरलेली. पावती दिली, परत आलो.) तर माझं काम तू पाहिलेलं नाहीस, फक्त ऐकलंयस. काचेची केबिन, आत एक फिरती खुर्ची, समोर काट्याचा आकडा दाखवणारा डबा. ट्रक काट्यावर चढतो, आकडा थांबतो, मी पावती काढतो आणि खिडकीतून हात बाहेर करतो. तो हात बाहेर करणं हाच माझा दिवसभरातला व्यायाम. बाकी वेळ ड्रायव्हर लोकांबरोबर चहा. मी चहाला पाणीच समजत होतो. हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी मला दिवसाचे कप मोजायला लावले तेव्हा अकरा निघाले, प्रत्येकी दोन चमचे साखर. त्यांनी बावीस चमचे साखर एका वाटीत काढून माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, बाई, एवढी एकदम दिलीत तर कोणीच खाणार नाही. त्या दिवसापासून बिनसाखरेचा पितो. भिजवलेलं गोणपाट पिळून पितोय असं वाटतं.

ड्रायव्हरांना मी नुसतं 'वजन उतरवायचंय' एवढंच बोललो आणि फसलो. जो माणूस सबंध देश पालथा घालतो त्याला प्रत्येक गावचा एकेक उपाय ठाऊक असतो. कुणी म्हणालं उपाशीपोटी गरम पाणी, कुणी म्हणालं भरल्या पोटी, एकाने उलटं चालायला सांगितलं (चाललो, खांबाला जाऊन आपटलो). एक म्हणाला दिवसातून एकदाच पोटभर जेवा, दुसरा म्हणाला सात वेळा थोडंथोडं खा. दोघंही जुने ओळखीचे, कुणाला वाईट वाटायला नको म्हणून मी एकदा पोटभर आणि सात वेळा थोडंथोडं असं आठवडाभर खाल्लं. दीड किलो वाढलो.

मग वजन बघायचा नाद लागला. घरचा काटा साडेसत्त्याण्णव म्हणाला, औषधाच्या दुकानातला शहाण्णव. कामावर एका दुपारी आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी ट्रकच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो. आकडा आला शंभर. हबकलो. तीन दिवस कडक उपास केला आणि परत उभा राहिलो, तर नव्वद! दहा किलो! पळत जाऊन कोपऱ्यावरून केकचे दोन तुकडे आणले आणि एकट्यानेच आनंद साजरा केला. हा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानेच मोजतो, अधलं मधलं त्याला कळतच नाही, हे वीस वर्षं तोच काटा चालवणाऱ्या माणसाला दुसरा तुकडा संपल्यावर आठवलं.

व्यायामशाळेचं तुला दाजींनी सांगितलं असेल, पण पूर्ण नसेल सांगितलं. तिथला शिकवणारा आपल्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल, दंड माझ्या मांडीएवढे. पहिल्या दिवशी मला 'सर' म्हणाला, माझं वजन घेतल्यावर 'काका' म्हणाला, आणि पट्ट्यावर पाच मिनिटं चालवल्यावर 'आजोबा, बसा' म्हणाला. मला इरेला पेटायला तेवढं पुरलं. त्या एका दिवसात मी तिथलं प्रत्येक यंत्र वापरलं. दुसऱ्या दिवशी पावती द्यायला हात खिडकीपर्यंत उचलेना, ड्रायव्हर लोक आत येऊन माझ्या मांडीवरून पावत्या उचलून नेत होते. तिसऱ्या दिवशी गुडघ्याने संप पुकारला. पंधरा दिवस पाय उशीवर ठेवून पडून राहिलो, आणि पडून राहिलेल्या माणसाला घरचे काय करतात तुला माहीत आहे. समोर खायला आणून ठेवतात.

घरच्यांचं एक वेगळंच. आमच्या हिने मला सोबत म्हणून माझंच पथ्याचं जेवायला सुरुवात केली. तीच उकडलेली भाजी, तोच कपभर भात, तेच डाळीचं पाणी. तीन आठवड्यांत ती चार किलो उतरली, जे तिच्याकडे मुळात जास्तीचे नव्हतेच. मी आठशे ग्रॅम. शेजारीपाजारी तिला विचारायला लागले, काय केलंस गं, एवढी छान दिसतेस? आणि मला विचारायला लागले, भाऊ, तुम्हीही का करून बघत नाही? ताई, मी एकदा संध्याकाळी नुसता भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. लेकीने तिच्या ताटातलं उरलेलं माझ्या ताटात सारलं (अन्न टाकायचं नाही हे मीच तिला शिकवलंय, आणि स्वतःचं ताट संपवून वर बाकीच्यांचं उरलेलं संपवायचं हा माझा तीस वर्षांचा धर्म) आणि मग जीभ चावून तेच ताट परत ओढून घेतलं. तेव्हा मला जे वाटलं ते मी कागदावर लिहू शकत नाही. पाव पोळी आणि चमचाभर भाजी होती.

स्वभाव तर असा झाला की विचारू नकोस. दुपारी चारच्या सुमाराला मी माणसात नसायचो. एका ड्रायव्हरला मी गाडी जास्त भरल्याबद्दल खिडकीतून दहा मिनिटं झाडलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, गाडी रिकामी आहे. तुम्ही काही खाल्लंय का?" आणि त्याने आपल्या डब्यातली अर्धी काकडी कापून दिली. लोक चांगले असतात गं. उपाशी माणसालाच ते दिसत नाहीत.

पण खरं सांगू? एवढं सगळं होऊनही उतरत होतो. चालायला लागलो, सकाळी पाच किलोमीटर, गुडघ्याला पट्टी बांधून. अडीच महिन्यांत शहाऐंशीवर आलो. आणि तिथे अडकलो. एक आठवडा शहाऐंशी, दुसरा आठवडा शहाऐंशी, तिसरा, चौथा. खाणं तेच, चालणं वाढवलेलं, आकडा मात्र खिळा ठोकल्यासारखा. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीचे तीन आठवडे उरले होते. आहाराच्या बाईंनी माझी वही मागितली. त्यात मी तोंडात गेलेला दाणान् दाणा लिहीत होतो, अगदी खोकल्याची गोळीसुद्धा. त्या म्हणाल्या, एवढंच असेल तर वजन थांबायला नको, काहीतरी लिहायचं राहतंय. मी शपथेवर सांगितलं, काही राहत नाही. मग उठता उठता सहज म्हणालो, म्हणजे ताईचा डबा सोडून.

त्यांनी पेन खाली ठेवलं. कसला डबा? मी म्हणालो, ताई पंधरवड्याला पाठवते, तुपातली बिस्किटं आणि साखरेत घोळवलेले दाणे, पण ते काही अन्नात धरायचं नसतं, ती माया आहे. "आणि ही माया," त्यांनी विचारलं, "किती किलो असते?" मी म्हणालो, "दीड." (डबा धरून. डब्याचं वजन वजा करून एक किलो तीनशे. सवय आहे.) ताई, मी तो डबा टाकणार कसा? तुझी चिठ्ठी असायची, 'थोडं खाल्ल्याने काही होत नाही.' आजारी बहिणीने स्वतःच्या हातांनी केलेलं मी कुणाला वाटू? एकेक बिस्किट डोळे मिटून खायचो आणि मला वाटायचं, हिच्यासाठी तरी उतरलंच पाहिजे.

आता इथून नीट वाच. दाजी जवळ असतील तर त्यांना बसायला सांग, कारण यात तेही आहेत. तुझा डबा आणणारे ते फरशीच्या ट्रकवरचे मिशीवाले मामा, भला माणूस, मागच्या महिन्यात काट्यावर गाडी लावून डबा घेऊन केबिनमध्ये आले. डबा टेबलावर ठेवला आणि घुटमळत राहिले.

"काय मामा, पावती झालीय तुमची."

"नाही, ते ताईंनी विचारलंय. दर वेळी विचारतात. तुमचं वजन किती आलं म्हणून."

मला बरं वाटलं. म्हणालो, "सांगा, शहाऐंशी. महिना झाला, हलत नाही मेलं."

मामांचा चेहरा उजळला. "मग बरंच झालं. त्यांना हायसं वाटेल. म्हणाल्या होत्या, आणखी उतरलं असेल तर पुढच्या खेपेला दोन डबे देईन."

बोलून गेले आणि माझ्याकडे बघून त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलं. मिशी पुसत ते गाडीत जाऊन बसले. मागे दोन ट्रक हॉर्न देत होते आणि मी डब्याकडे बघत बसलो होतो. मग दाजींना फोन लावला. दाजींना खोटं बोलता येत नाही हे एवढंच त्या माणसात व्यंग. दोन वेळा 'तसं काही नाही' म्हणाले आणि तिसऱ्यांदा सगळं ओकले. तू म्हणे म्हणालीस, मी सरळ नाही म्हटलं तर ढब्बू रडेल, ऐकणार नाही, इथे येऊन बसेल. त्यापेक्षा त्याचं वजनच उतरलं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. त्याच्या अंगाला चाकू लागणार नाही आणि कुणाचं मनही मोडणार नाही. मी विचारलं, एवढं सगळं करते कधी ती? तर म्हणाले, "मशीन झालं की दुसऱ्या दिवशी. उभं राहवत नाही ना तिला, म्हणून ओट्याजवळ स्टूल ओढून बसते. मी तूप गाळून देतो."

तूप गाळून देतात! ताई, मला इतका राग आला की पहिल्यांदा मी डबा उघडून एक बिस्किट तोंडात टाकलं. उत्तम झालं होतं. त्याने आणखी राग आला. दहा मिनिटं उभं न राहवणारी बाई स्टुलावर बसून भावाला धडधाकट ठेवायला त्याला लठ्ठ करतेय, आणि तो भाऊ तिला वाचवायला बारीक होतोय, आणि मध्ये तो बिचारा ट्रकवाला हे सगळं दोनशे किलोमीटर वाहून आणतोय. याच्यावर हसावं की रडावं ते न कळून मी बाहेर जाऊन काट्याच्या कडेला बसलो. मग आत आलो आणि उरलेला डबा पावतीबरोबर वाटायला घेतला. प्रत्येक गाडीला एक पावती, एक बिस्किट. दुसऱ्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. त्यातले दोघं तर माल नसताना वजन करून गेले. सगळे म्हणाले, तुमच्या ताईच्या हाताला चव आहे. निरोप पोचवतो.

त्यानंतर आकडा हलला. शेवटचे तीन आठवडे मी कसे काढले ते मला आणि रस्त्याला माहीत. काल मुदतीचा शेवटचा दिवस होता. सकाळी केस कापून गेलो. (वीस वर्षं मी लोकांच्या वजनातल्या लबाड्या पकडतोय. जास्तीचं चाक काढून ठेवणारे, टाकीतलं पाणी सोडून देणारे. काल मी एकही सोडली नाही.) बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ, किल्ल्या, शेवटी चष्माही काढून हिच्या हातात दिला. काट्यावर उभा राहिलो आणि आकडाच दिसेना. नर्स वाकून परत परत बघायला लागली, मला वाटलं संपलं. मी म्हणालो, काय असेल ते सांगून टाका. ती म्हणाली, "ब्याऐंशी पूर्णांक नऊ. श्वास सोडा आता." मी तिला परत मोजायला लावलं. एका मोजणीवर पावती फाडायची नाही ही आमच्याकडची शिस्त. परत ब्याऐंशी पूर्णांक नऊ. मग तिने मला खुर्चीवर बसवलं, आणि आमच्या हिने, चार महिने एक शब्द न काढलेल्या हिने, माझा चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावून भरदिवसा सगळ्यांदेखत हुंदके दिले.

डॉक्टरांनी हात मिळवला. पुढच्या महिन्याची एकोणीस तारीख दिली आहे. तोवर वाढायचं नाही एवढंच. बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जप, औषधं वेळेवर घे, दाजींना कंबर शेकायला सांग.

तुझा धाकटा,
ढब्बू
(नाव बदलायचं नाही. ब्याऐंशीचाही मी ढब्बूच.)

ता. क. १: सकाळपासून उठबस का चाललीय ते सांगायचं राहिलं. काल डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना तिथल्या बाईंनी थांबवलं. माझे सगळे कागद आलेत, तुझ्या संमतीचा एकच यायचाय. महिनाभरापूर्वी पाठवलाय म्हणाल्या. दाजींना विचारलं, तेही परत तिसऱ्या खेपेला बोलले. कपाटात, कपड्यांच्या घडीखाली आहे. ताई, सही कर. एवढं लांबलचक पत्र त्या एका सहीसाठी लिहिलंय. शनिवारी मशीनला जाशील तेव्हा तिथेच देऊन टाक, ते इकडे पोचवतील. तुझ्या डब्यांबद्दल मी जन्मात चकार शब्द काढणार नाही. (इथे काढला तेवढा.)

ता. क. २: तू म्हणशील, भावाचं एवढं मोठं घ्यायचं कसं. म्हणून काल निघताना मी डॉक्टरांना माझ्या धंद्यातला एकच प्रश्न विचारला, किडनीचं वजन किती असतं? म्हणाले, दीडशे ग्रॅम. मी दोनदा विचारलं. दीडशे! ते द्यायला मी तेरा किलो उतरवलेत. आमच्या काट्यावर दीडशे ग्रॅम ठेवलं तर आकडा हलणारही नाही. शेजारणीकडून तू वाटीभर साखर आणतेस ती याच्याहून जास्त भरते, आणि तेव्हा तुला कधी संकोच वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

ता. क. ३: हे दाजींना वाचून दाखवू नकोस. मला भीती वाटते. चार महिने वजनाची काळजी होती, तिच्यापुढे भीतीला जागाच नव्हती. काल वजन झालं आणि संध्याकाळपासून ती येऊन बसली आहे. आमच्या हिला सांगितलं तर ती मला धीर देईल, आणि धीर दिला की मी आणखी घाबरतो. आपल्या दोघांना आदल्या दिवशी दाखल करणार आहेत, मला दुसऱ्या मजल्यावर, तुला तिसऱ्या. लिफ्ट आहे. तुला बरं वाटत असेल तर दुपारी खाली ये आणि जरा वेळ माझ्याजवळ बस. गोड काही बोलू नकोस. काही सुचलं नाही तर नुसती रागावत बस. रागावायला कारण मी देईन.